‘मेक्सिको म्हणजे गरम हवेतला कॅनडा’: त्या फॉरवर्डला उत्तर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी जवळ आली की टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा आमच्याच घरातून. मजकूर थोडक्यात असा: ‘मेक्सिको म्हणजे गरम हवेतला कॅनडा. यूएस व्हिसा असला की झालं, संपलेला असला तरी तीस दिवसांचा नियम आहे. सीमेवर कोणी थांबवत नाही. गाडीला वेगळा परवाना लागत नाही. इथलाच विमा तिथे चालतो. भीती फक्त गुंडांची, म्हणून रात्रीच एका दमात अंतर काटा. पोलिसाने अडवलं तर वीस डॉलर. बाकी एन्जॉय!’

ऑस्टिनहून सीमेवरचं लारेडो, मग मेक्सिकोतलं मोंतेरेइ, सान लुईस पोतोसी करत सान मिगेल दे आयेंदेपर्यंत मी दोनदा गाडीने गेलोय, आणि पुन्हा जाणार आहे. तेव्हा जाऊ नका असं मी सांगत नाही. माझा अंदाज असा की हे लिहिणारा गृहस्थ लारेडोसमोरच, पुलापलीकडे असलेल्या नुएव्हो लारेडोत दुपारचं जेवण करून संध्याकाळी परत आलेला असावा. सीमेलगतच्या साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात यातलं बरंच काही खपून जातं. त्या पट्ट्याच्या पुढे गेलं की एकेक वाक्य महागात पडू शकतं.

सगळ्यात जास्त गोंधळ व्हिसाचा, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. हे बरोबर. आता तो तीस दिवसांचा नियम. तोही खराच, पण तो अमेरिकेचा आहे आणि फक्त परत येण्यापुरता आहे. पासपोर्टावरचा व्हिसाचा स्टँप संपला असेल, पण आय-९४ची (म्हणजे अमेरिकेत राहायला दिलेल्या परवानगीच्या नोंदीची) मुदत चालू असेल आणि तुम्ही तीस दिवसांच्या आत नुसतं मेक्सिको किंवा कॅनडाला जाऊन आलात, तर अमेरिका जुन्या स्टँपवर आत घेते. मेक्सिकोच्या अधिकाऱ्याचा या नियमाशी काडीचाही संबंध नाही. त्याला पासपोर्टात चालू व्हिसा दिसायला हवा. एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे, इथेच फसतात. आय-७९७ची अप्रूव्हल नोटीस, म्हणजे अमेरिकेचं मंजुरीपत्र, दाखवून ‘माझं स्टेटस आहे ना’ म्हणतात. स्टेटस आहे, व्हिसा नाही. अशा वेळी मेक्सिकोच्या वकिलातीतून त्यांचा व्हिसा आधी काढावा लागतो. म्हणजे ज्याला परतीचा नियम उपयोगी पडायचा, त्यालाच जाताना अडचण.

त्याच फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांत पुढे ‘जाताय तर स्टँपिंगही उरकून या’, म्हणजे अमेरिकेचा नवा व्हिसा तिथूनच घेऊन या, असं जोडलेलं असतं. हे तर मुळीच करू नका. मेक्सिकोत अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात की तीस दिवसांची सवलत गेली. व्हिसा नाकारला किंवा लटकला तर तुम्ही तिकडेच. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगून ठेवलंय की अर्ज आपल्या देशात किंवा राहत्या देशात करावा. परतताना सीमेवरच्या पुलावर सुटलात तरी लारेडोच्या उत्तरेला ३५ नंबरच्या हायवेवर बॉर्डर पेट्रोलचा आणखी एक नाका आहे. तोवर पासपोर्ट आणि नोटीस डिकीतल्या बॅगेत कोंबू नका.

‘सीमेवर कोणी थांबवत नाही’ हेही अक्षरशः खरं आहे, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे. पूल ओलांडल्यावर कस्टम्सचा दिवा असतो. हिरवा लागला की सगळे जातात म्हणून आपणही निघतो. पण पासपोर्टवर शिक्का घेणं ही आपली जबाबदारी. त्यासाठी गाडी लावून इमिग्रेशनच्या कचेरीत आपल्या पायांनी जावं लागतं. सात दिवसांपर्यंत रस्त्याने जाणाऱ्याला त्याचे पैसे पडत नाहीत, त्याहून जास्त दिवसांना फी आहे. पावती जपून ठेवा. आणि किती दिवस दिलेत तो आकडा खिडकीवरून हलण्याआधी वाचा. १८० ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही.

आता गाडीचा परवाना. सीमेचा पट्टा, बाहा कॅलिफोर्नियाचं द्वीपकल्प आणि सोनोरा राज्याचा काही भाग सोडला, तर बाहेरच्या नंबरप्लेटच्या गाडीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. तो बानहेर्सितो ही तिथली लष्कराची बँक देते. परवान्याची फी वेगळी आणि अनामत वेगळी: २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, २००१ ते २००६ला ३००, त्याहून जुन्याला २००. कर्जावरची गाडी असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीचं संमतिपत्र हवं. भाड्याची असेल तर भाड्याच्या कंपनीचं, आणि ते सहजासहजी मिळत नाही. परवान्याशिवाय आत सापडलात तर गाडी जप्त होऊ शकते.

यात आपल्या लोकांची एक खास अडचण असते, ती म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घातलेलं, गाडीच्या रजिस्ट्रेशनवर ते गायब, आणि क्रेडिट कार्डावर नुसतं आद्याक्षर. पहिल्या खेपेला खिडकीमागच्या बाईंनी माझे तीनही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि बोट एकेका अक्षरावरून सरकवत नेलं. मी घामाघूम. शेवटी लायसन्सवर पूर्ण नाव होतं म्हणून निभावलं. गाडी बायकोच्या नावावर असेल तर ती स्वतः परवाना घेऊ दे, नाहीतर लग्नाचा दाखला बरोबर असू दे.

विम्याबद्दलचं विधान मात्र सरळ खोटं आहे. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा तुमचा अमेरिकन विमा मेक्सिकोत मानला जात नाही. तिथल्या परवानाधारक कंपनीचाच लागतो, आणि राष्ट्रीय महामार्गांवर तो कायद्याने सक्तीचा आहे. काही अमेरिकन पॉलिस्या सीमेपासून थोड्या मैलांपर्यंत तुमच्या स्वतःच्या गाडीची भरपाई देतात. त्या एका ओळीवरून ही अफवा उठली असावी. तिथे अपघातात कोणी जखमी झालं, तर चूक कोणाची आणि पैसे कोण देणार हे ठरेपर्यंत पोलीस चालकाला ताब्यात ठेवू शकतात. म्हणून पॉलिसीत वकिलाची मदत आणि जामिनाची रक्कम आहे ना, हे आधी पाहा, किंमत नंतर. दिवसांच्या हिशेबाने अशी पॉलिसी निघण्याआधी ऑनलाइन मिळते. अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस जागेवर येतो, त्याला तिथे आखुस्तादोर म्हणतात. तो येईपर्यंत हलायचं नाही आणि दावा मेक्सिको सोडण्याआधीच नोंदवायचा. घरी येऊन सावकाश फोन करू, हे चालत नाही.

गुंडांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. नुएव्हो लारेडो ज्या तामाउलिपास राज्यात आहे, त्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चौथी म्हणजे ‘जाऊ नका’ ही पातळी दिली आहे. युकातान राज्य मात्र पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पातळीवर. एकाच देशात दोन टोकं. म्हणून मी लारेडोच्या वायव्येला असलेल्या कोलंबिया पुलावरून जातो. थोडा वळसा पडतो, पण पलीकडे थेट नुएव्हो लेओन राज्य लागतं. पण भीती आहे म्हणून रात्री जा, हे कुठलं तर्कट? अमेरिकन सरकारच्या तिथल्या कर्मचाऱ्यांना अंधार पडल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात रस्त्याने जायला बंदी आहे. हा एवढा पुरावा पुरे. वर गुंड नसले तरी गाई आहेत, दिवे नसलेले ट्रक आहेत, आणि तोपे आहेत. तोपे म्हणजे स्पीडब्रेकर. कधी पाटीसह, कधी रंगासह, कधी आपल्या गावाकडच्यासारखा कुणालाच पूर्वसूचना न देता. हायवेवर बिघाड झाला तर फुकट मदत करणारे सरकारी हिरवे ट्रक, ‘आंखेलेस वेर्देस’, ०७८ वर बोलावता येतात. तेही दिवसाउजेडीच फिरतात.

तेव्हा सकाळी लवकर पूल ओलांडायचा आणि पहिला मुक्काम मोंतेरेइ किंवा साल्तियो. टोलचा रस्ता, म्हणजे पाटीवर ‘कुओता’ लिहिलेला, तोच धरायचा. टोलला पेसोच लागतात, रोख ठेवा. पुढे ५७ नंबरच्या हायवेवर मातेवाला गावाच्या थोडं दक्षिणेला कर्कवृत्ताची खूण लागते, तिथे आम्ही उतरून थेपले खाल्ले. पोरं भूगोलाच्या पुस्तकातली रेषा रस्त्यावर शोधत होती. उन्हाळ्यात जाणार असाल तर घड्याळही सांभाळा: २०२२ मध्ये मेक्सिकोने उन्हाळी वेळ बंद केली, पण सीमेलगतच्या बऱ्याच गावांनी ती ठेवली. आत गेलात की घड्याळ तासाने मागे, आणि अंधार अंदाजापेक्षा लवकर.

एक बारीक गोष्ट. दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर तो वळणारही असेल, किंवा आपल्याकडे घाटात ट्रकवाला हात दाखवतो तसं ‘काढ गाडी’ म्हणत असेल. कुठलं ते कळलं नाही तर मागेच राहा.

वीस डॉलरबद्दल फार लिहित नाही. तिथे लाचेला मोर्दीदा म्हणतात, म्हणजे चावा. आपलं चिरीमिरी त्यामानाने फारच सोज्वळ. लाच देणं तिथेही गुन्हाच आहे. दंडाची लेखी पावती द्या, मी ठाण्यात भरतो, एवढं शांतपणे म्हणायचं. माझ्या बाबतीत एकदा पोलिसाने कंटाळून ‘जा’ म्हणून हात हलवला.

फॉरवर्डमध्ये नसलेलं, पण त्यातल्या सगळ्यापेक्षा गंभीर: टेक्सासमध्ये राहता, तर गाडीचे सगळे कप्पे रिकामे करून पाहा. बंदूकच काय, सीटखाली घरंगळलेली एक गोळीसुद्धा तिथे तुरुंगात नेऊ शकते. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर त्याही घरी ठेवा, मेक्सिकोत त्यांना बंदी आहे.

आणि परत येताना तो गाडीचा परवाना रद्द करायचा असतो. पहिल्या वेळी मी पुलाच्या रांगेत घाईने घुसलो, इकडे आलो, सान अँटोनियोत पेट्रोल भरताना काचेवर मेक्सिकोचं स्टिकर तसंच चमकताना दिसलं. चूक संपूर्ण माझी. रद्द न करता मुदत संपली की अनामत बुडते आणि पुढे दुसरी गाडी नेता येत नाही. पुढच्या शनिवारी तेवढ्यासाठी पुन्हा लारेडो, पुन्हा पूल. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर ताडून पाहिला, फोटो काढला, खिशातून पातं काढून स्टिकर खरवडलं आणि एक छापील पावती दिली. सगळं मिळून सहा मिनिटं. ४०० डॉलर कार्डावर परत आले. दोन वेळच्या पेट्रोलचे कोणी दिले नाहीत.