पुढचं वाच

परवा रविवारी भाचा दुकानावर आला होता. सोलापुरात होटगी रोडला माझं व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं छोटं दुकान आहे, सुट्टीच्या दिवशी तो तिथंच पडीक असतो. एफ-वनची, म्हणजे फॉर्म्युला वनची, एकही शर्यत चुकवत नाही, कुणी कितव्या लॅपला टायर बदलले हे तोंडपाठ. बोलता बोलता म्हणाला, "मामा, रॅली म्हणजे काय, मातीतून गाडी पळवायची. ड्रायव्हिंग बघायचं तर एफ-वनचंच." रॅम्पवर गाडी होती, गिऱ्हाईक घाईत होतं, मी तेवढ्यापुरतं 'हं' केलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. असं म्हणणारा तो एकटा नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबेल, सवडीनं वाचा.

आधी एफ-वनचं जे आहे ते एफ-वनला मोकळ्या मनानं देऊन टाकतो. तीनशेच्या वेगातून ब्रेक मारला की शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास पाचपट ओढ येते. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरा. पाचपट म्हणजे पस्तीस किलो. सिमेंटचं जवळजवळ पाऊण पोतं मानेला टांगलंय असं समजा, आणि ते एकदा नाही, दर मोठ्या ब्रेकिंगला. मोनाकोत वेग कमी असतो, पण तिथं ७८ फेऱ्या आणि एका फेरीत १९ वळणं. गुणाकार केला तर १४८२ वळणं होतात. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि १४८२ पैकी एकही चुकवायचं नाही.

उन्हाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात दुपारी माझ्या रॅम्पच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. पण २०२३ ची कतारची शर्यत रात्री झाली, तरी एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडून गाडीतून उतरावं लागलं. या पोरांना नुसतं बसून स्टिअरिंग फिरवणारे म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

शिवाय चाकं उघडी. हे माझ्या धंद्यातलं म्हणून सांगतो. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची मागची बाजू फिरताना खालून वर जात असते. मागून येणाऱ्याचं पुढचं चाक तिला टेकलं की ते वर चढतं आणि अख्खी गाडी हवेत जाते. आपल्या गाड्यांना मडगार्ड आणि बंपर असतात, घासलं तर रंग जातो. तिथं चाकाला चाक लागलं की संपलं. हे माहीत असताना शेजारच्याच्या चाकाजवळ वीतभर अंतरावर आपलं चाक घालायचं, हे धाडस मला अजूनही अंगावर काटा आणतं.

या अचूकपणाची चव मी अगदी चिमूटभर घेतलीय. पुण्यात एकदा भाड्याच्या कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या बुटक्या उघड्या गाडीत, दहा मिनिटं बसलो होतो. उतरल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, मनगटापासून कोपरापर्यंत हात थरथरत होते. पण मला जास्त लागली ती नंतर हातात दिलेली वेळांची चिठ्ठी. माझ्या प्रत्येक फेरीची वेळ वेगळी, कधी सेकंदाचा फरक, कधी दोनाचा. माझ्या आधी गेलेल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी तिथंच पडली होती. त्याच्या सगळ्या फेऱ्या दोन-तीन दशांशांच्या आत! तेव्हा कळलं की सर्किट, म्हणजे फिरून त्याच जागी येणारा आखीव ट्रॅक, हा रियाज आहे. तोच सूर, त्याच जागी, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी केसाएवढा सुधारून. या फेरीला ब्रेक जरा उशिरा लागला का? हरकत नाही, दीड मिनिटानं तेच वळण परत येणार आहे.

आणि इथंच रॅली वेगळी पडते. रॅलीत ते वळण परत येत नाही. आलंच तर दुपारी, त्याच स्टेजच्या (घड्याळ लावून पळायचा बंद रस्त्याचा तुकडा) दुसऱ्या फेरीला, आणि तोवर पन्नास गाड्यांनी तिथं चर पाडलेले असतात, आतल्या बाजूचा दगड उपटून रस्त्यावर आलेला असतो. जागतिक रॅलीत साधारण तीनशे किलोमीटर पूर्ण वेगानं पळायचे असतात, तीन-चार दिवसांत. त्याआधी प्रत्येक स्टेजवरून फक्त दोनदा जाता येतं, तेही वेगमर्यादा पाळून. त्या दोन फेऱ्यांत ड्रायव्हर वळणं बोलत जातो आणि शेजारचा वहीत लिहून घेतो. मग खऱ्या दिवशी तोच शेजारचा मान खाली घालून वाचत असतो : उजवा चार, ऐंशी, चढावर उडी, डावा तीन आवळत जाणारा, आत दगड, कापू नको. आकडा जितका लहान तितकं वळण आवळ, आणि ऐंशी म्हणजे पुढच्या खुणेपर्यंतचे मीटर. चढापलीकडचं ड्रायव्हरला दिसत नसतं. त्याला ऐकू येत असतं. दिसत नाही त्या वळणासाठी तो आवाजावर विसंबून आधीच गाडी आडवी टाकतो.

सेबास्तियन लोएबनं २००४ ते २०१२ रॅलीची सलग नऊ जगज्जेतेपदं घेतली, आणि नऊच्या नऊ वेळा शेजारी डॅनियल एलेना होता. लोकांना लोएब माहीत असतो. एलेनाचं नाव कुणाच्या तोंडी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रस्ता तर दर मैलाला बदलतो. आपल्याकडं मुरमाचा रस्ता आणि पहिल्या पावसानंतरची काळी माती यात काय फरक आहे, हे ज्याची मोटरसायकल शेताच्या वाटेवर आडवी झालीय त्याला विचारा. मुरमावर सुट्या खड्यांमुळं चाक घसरतं, म्हणून मातीच्या रॅलीत सगळ्यांच्या पुढं निघणाऱ्याचं नुकसान होतं. तो मागच्यांसाठी रस्ता झाडत जातो. माँटे कार्लो रॅलीत एकाच स्टेजमध्ये चढ कोरडा आणि उतार बर्फाचा. एकदा निवडलेल्या टायरांवरच अख्खी स्टेज काढायची.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की काही वर्षांपूर्वी मेहुण्याबरोबर एका टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीत नॅव्हिगेटर, म्हणजे वाट सांगणारा, म्हणून बसलो होतो. तो काही वेगाचा खेळ नाही. आखून दिलेला सरासरी वेग धरायचा, ठरल्या वेळेला ठरल्या जागी पोचायचं, लवकर पोचलं तरी दंड. तुळजापूरच्या पलीकडं कुठंतरी मेंढरांचा कळप आडवा आला. मी वर बघितलं, आणि खाली बघेपर्यंत रोडबुकातली (वाटेच्या खुणांची वही) एक खूण माझ्याकडून सुटली. पुढचं सगळं एका खुणेनं सरकलं. उसाच्या फडातून जाणाऱ्या गाडीवाटेवर दोन किलोमीटर आत गेल्यावर समोर पाण्याची मोटार आणि कडब्याची गंज. रस्ता संपलेला. माझे कान गरम झाले, मी माफी मागायला लागलो, कुठं चुकलं ते शोधायला मागची पानं उलटायला लागलो. मेहुण्यानं गाडी वळवली आणि शांतपणे एवढंच म्हणाला, "मागचं राहू दे. पुढचं वाच."

त्या दोन शब्दांत मला रॅली कळली. सर्किटवाल्याला चूक लक्षात ठेवावी लागते, कारण ती पुढच्या फेरीत दुरुस्त करायची असते. रॅलीवाल्याला ती जागच्या जागी टाकून द्यावी लागते, कारण मनात तीच घोळत राहिली तर पुढचं वाक्य कानात शिरत नाही.

मन चूक टाकतं, गाडी टाकत नाही. हे तर मी रोज बघतो. खड्ड्यात आदळून आलेल्या गाडीची टायरॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडी, वाकलेली असते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरून माणूस दुकानापर्यंत आलेला असतो, आणि सात रस्त्यापासून इथपर्यंतच त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. रॅलीत तशीच गाडी घेऊन पुढचे वीस किलोमीटर दरीच्या कडेनं पळवायची. सर्व्हिस पार्क, म्हणजे मेकॅनिक थांबलेले असतात ती जागा, येईपर्यंत गाडीला हात लावायचा तो फक्त त्या दोघांनी, गाडीत बरोबर असलेल्या सामानानं. त्या कतारच्याच शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या माणसांनी लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. काय शिस्त आहे ती! पण रॅलीत स्टेजमध्ये पंक्चर झालं तर दोघं उतरतात, मातीत गुडघे टेकून जॅक लावतात आणि दीड-दोन मिनिटांत एक चाक बदलून पुन्हा पट्टा आवळतात. दोन मिनिटं गेली की त्या रॅलीतली जिंकायची आशा बहुतेक वेळा गेलेलीच असते. तरी पट्टा आवळतातच.

कार्लोस साइन्झचं १९९८ आठवतं का कुणाला? ब्रिटनची रॅली, शेवटची स्टेज. चौथा आला तरी जगज्जेता होणार होता, आणि चौथाच होता. शेवटची रेषा काही शे मीटरवर असताना टोयोटाचं इंजिन बसलं, आणि किताब टॉमी मॅकिननकडं गेला. ते चित्रण मी कितीदा बघितलंय, अजूनही पोटात कालवतं. साइन्झचा मुलगा मात्र एफ-वनमध्ये गेला. २०२४ मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि दोन आठवड्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियाची शर्यत जिंकली. एका घरात दोन्ही.

इकडचे तिकडं गेले तेव्हा काय झालं, हा भाच्याचा खरा प्रश्न असायला हवा. किमी रायकोनेन २००७ चा एफ-वन जगज्जेता. २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं जागतिक रॅलीत होता, सगळ्यात चांगला निकाल २०१० मध्ये तुर्कस्तानात पाचवा. परत आला आणि २०१२ मध्ये अबू धाबीला एफ-वनची शर्यत जिंकला, म्हणजे हात गेले नव्हते. लोएब उलट्या बाजूनं गेला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाला रेड बुलच्या एफ-वन गाडीत चाचणीला बसला आणि त्या दिवशी सतरा जणांत आठवा वेगवान ठरला. चाचणी म्हणजे शर्यत नव्हे, शेजारी कुणी चाक घालत नाही, हे मान्य. पण माझं मत यावरच पक्कं झालंय : न पाहिलेलं वळण कानानं घ्यायला शिकलेल्या माणसाला पाहिलेलं वळण पाठ करणं त्यामानानं सोपं जातं. उलटा प्रवास फार अवघड आहे. शरीराची सगळ्यात कठोर परीक्षा एफ-वन घेतं. ड्रायव्हिंगची घेते ती रॅली. मी रॅलीला वरच ठेवीन.

रॉबर्ट कुबिकाचं उदाहरण देऊन रॅलीला वेडेपणा म्हणणारे भेटतात. २०११ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या एका छोट्या रॅलीत रस्त्याचा कठडा गाडीत घुसला, उजवा हात जवळजवळ तुटलाच. एफ-वनमधली भरात आलेली कारकीर्द थांबली. पण हाच माणूस २०१२ मध्ये परत रॅलीतच उतरला आणि २०१३ मध्ये डब्ल्यूआरसी-टूचा, म्हणजे जागतिक रॅलीतल्या दुसऱ्या श्रेणीचा, विजेता झाला. २०१९ मध्ये पुन्हा एफ-वनमध्ये आला, २०२५ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला. ज्या खेळात त्याचा हात जायची वेळ आली त्याच खेळाकडं तो आधी परत गेला, याचा विचार करा.

आपल्याकडं एफ-वनमध्ये गाडी चालवलेले नरेन कार्तिकेयन आणि करुण चंढोक बऱ्याच जणांना माहीत आहेत, आणि असायलाच हवेत. पण गौरव गिल म्हटलं की दुकानावर बसलेल्या दहांपैकी नऊ जण कोण म्हणून विचारतात. आशिया-पॅसिफिक रॅलीचं अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ असं तीनदा जिंकलेला माणूस. २०१९ मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पहिला!

आज सकाळी भाच्याला गाडीत घेतलं आणि अक्कलकोट रोडवरून आत एका मोकळ्या रस्त्यावर गेलो. वेग चाळीसच्या आत. घाई कसलीच नव्हती. पहिल्या फेरीत मी वळणं बोललो, त्यानं शंभरपानी वहीत लिहिली. दुसऱ्या फेरीत त्याला म्हटलं, आता वर बघायचं नाही, नुसतं वाच. चाळीसच्या वेगातही तिसऱ्या वळणाला तो मागं पडला, वळण गेलं आणि हा अजून त्याच ओळीवर. परतताना दोघं सीताफळाच्या बांधाशी थांबलो. वहीत 'उजवा चार' लिहिलेलं एक वळण आहे, पुलाच्या अलीकडचं. त्याचं म्हणणं ते पाच आहे. मला आता ते तीन वाटतंय, कारण पुढं ते आवळत जातं आणि ते पुलाचा कठडा जवळ येईपर्यंत कळत नाही. रविवारी परत जाऊन बघणार आहोत.