वायफायची भावकी

आमच्या लातूरच्या घरात पुढं स्लॅबच्या खोल्या आहेत आणि मागं जुन्या वाड्याचे दोन खण उरलेत. मधली दगडी भिंत दोन हात जाड. 1993 च्या भूकंपात तिला चीरसुद्धा गेली नाही, हे अण्णा आल्यागेल्याला सांगतात. तिच्यातून वायफायसुद्धा जात नाही, हे मागच्या उन्हाळ्यात कळलं.

इंटरनेटवाल्यानं बसवलेला डबा पुढं, टीव्हीच्या मागं. अण्णांची खाट मागं, कारण तिथं गारवा. कीर्तन ऐन रंगात आलं की मोबाईलवरचे बुवा तोंड उघडं टाकून थांबायचे आणि त्यांच्या फेट्यावर एक गोल चकरा मारत बसायचा. "नेट यायना रे!" अण्णा तिथून ओरडायचे. त्यांचा आवाज मात्र भिंतीतून स्वच्छ यायचा.

पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हाचा एक राऊटर माळ्यावर पडून होता. गोलाईच्या बाजारातून एक एक्स्टेंडर आणला, म्हणजे आलेलं वायफाय पुढं पोचवणारा डबा. झाले तीन डबे, तीन कंपन्यांचे. दुकानदार म्हणाला, "कोणताबी कोणालाबी चालतो, सर. सगळं एकच असतंय."

खोटं नव्हता बोलत. तिघांचा मूळपुरुष एकच, वायफायचं 802.11 नावाचं 1997 चं मानक. पण मूळपुरुष तर भावकीचाही एकच असतो. म्हणून बांध कोरायचं कुणी थांबलंय का?

एक्स्टेंडरला पासवर्ड काही पचेना, म्हणून पासवर्डाशिवाय डबे जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटण वापरायचं ठरलं. पुढच्या डब्याचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत मागच्याचं. मध्ये अंगण, अंगणात वाळवणाच्या कुरडया. तिसऱ्या फेरीला एक कुरडई पायाखाली गेली आणि दिवा हिरवा झाला. बायकोनं दिव्याकडं पाहिलंच नाही. एवढं करून पुढं 40 चा वेग, मागं 17. त्या एक्स्टेंडरला एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा सांगायचं असतं, निम्मा वेळ त्यातच जातो. आमच्या गल्लीत निरोप असेच पोचतात, पण त्यांचा वेग कमी होत नाही.

मग एक्स्टेंडर बाजूला ठेवला आणि माळ्यावरचा राऊटर काढला. खिडकीतून वायर ओढून तो पुढच्या डब्याला जोडला आणि घरात दोन कारभारी झाले. दोघांचाही पत्ता 192.168.1.1. दारात आलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्कमधला नंबर वाटायचा मान दोघांनाही हवा. पंगतीत दोन वाढपी एकमेकांना न विचारता पाट वाटू लागले की होतं तेच झालं. टीव्हीला आणि बायकोच्या मोबाईलला एकच नंबर मिळाला. दोघंही बसले आणि दोघंही उपाशी. त्यात लेकीची नीटची सराव परीक्षा सुरू. जीवशास्त्राच्या बत्तिसाव्या प्रश्नाला तिचं पान जे थबकलं, ते थबकलंच. लातुरात बाकी काहीही बंद पडलेलं चालतं, पण ही परीक्षा नाही.

गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तरी माणूस बरोबर आपल्या दुकानात पोचतो. आमच्याकडं दोनच डबे होते.

शेवटी लेकीनंच सूत्रं हाती घेतली. "बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरा." मागच्या राऊटरच्या बारीक भोकात अण्णांचं कानकोरणं खुपसून दहा सेकंद दाबलं, डबा सगळं विसरला. मग तिनं त्याला 192.168.1.2 हा नवा पत्ता दिला आणि डीएचसीपी बंद केलं, म्हणजे नंबर वाटायचा हक्क काढून घेतला. एकाला चॅनल 1, दुसऱ्याला 11, आवाजात आवाज मिसळायला नको. नाव आणि पासवर्ड दोघांचा एकच. वाटणीपत्र झालं, दोन्हीकडं 40.

राहिला अण्णांचा मोबाईल. तो सकाळी ओसरीवर पुढच्या डब्याला चिकटतो आणि मागं गेला तरी तिथली एक काडी सोडत नाही. डोक्यावरच नवा राऊटर, तरी ह्याची ओढ जुन्या घराला. एका कंपनीची जोडी असती तर दोघांनी आपसात बोलून फोनला पुढं सरकवलं असतं, असं लेक म्हणते. आमच्या दोन डब्यांत बोलचाल नाही.

"वायफाय बंद करून पुन्हा चालू करायचं, अण्णा. रोज," मी समजावलं.

अण्णांनी मोबाईल खिशात टाकला, उशी काखेत मारली आणि ओसरीवर येऊन आडवे झाले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "हितं वारंबी लागतंय."