ओठ चुरचुरतोय, बहुतेक

माझ्या खालच्या ओठाला समारंभ आधी कळतात. एरवी वर्षभर गुमान असतो. पण चारचौघांत उभं राहून बोलायचं ठरलं, की आदल्या रात्री त्याच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी चुरचुरतं. सकाळी आरशात पाहावं, तर पाण्याने टचटचलेले चार-पाच बारीक फोड एकमेकांना खेटून बसलेले! आई याला ‘ताप फुटला’ म्हणते. अंगात ताप नसतो, तरी फुटतो.

मागच्या खेपेला डॉक्टरांकडे पोचेपर्यंत फोडांवर खपली धरली होती.

“उशीर केलात,” ते म्हणाले. “चुरचुरायला लागलं की लगेच लावायचं असतं हे क्रीम.”

“म्हणजे फोड दिसायच्या आधी?”

“आधीच!”

तरीही त्यांनी असायक्लोविर लिहून दिलं, ‘पुढच्या वेळेसाठी’. पुढची वेळ येणारच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कारण हा हर्पीसचा विषाणू एकदा अंगात शिरला की जात नाही. त्यांनी माझ्या कानाजवळ बोट टेकवून सांगितलं, की इथे आत मज्जातंतूंची एक गाठ असते, तिच्यात तो निजून असतो. ऊन लागलं, ताप आला, जागरण झालं, मनावर ताण आला, की उठतो आणि मज्जातंतू धरून ओठापर्यंत येतो. जगातल्या ५० वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगात तो आहे म्हणे. बहुतेकांचा कायम झोपलेला. माझाच मेला हलक्या झोपेचा.

“ताण घेऊ नका,” असंही डॉक्टर म्हणाले. उद्या भाषण असलेल्या आणि ओठ सुजलेल्या माणसाला हे सांगायला धाडस लागतं.

क्रीमची ट्यूब करंगळीएवढी. पण आतला माल हुशार आहे. विषाणू स्वतःच्या कामासाठी जे विकर (एन्झाइम) बनवतो, तेच या औषधाला जागं करतं. मग औषध त्याच्याच नकला काढण्याच्या यंत्रात अडकून बसतं. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडायचं! हे ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. इतक्या थोर संशोधनाचा शेवट मी रोज जिभेने चाटून करतो. ओठाला काही लावलं की जीभ तपासायला बाहेर येते, तिला आवरणं माझ्या हातात नाही. चव कडवट, खडूसारखी.

दिवसातून पाच वेळा, दर चार तासांनी, असं पाच दिवस. पहिल्या दिवशी मी रात्री दोनचा गजर लावला होता. बायकोने उठून दिवा लावला, चिठ्ठी वाचली आणि ‘जागेपणी’ या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “आता जागेच आहात, तर लावून घ्या.”

लावणं म्हणजेही सोहळा. आधी हात धुवा. बोटाच्या टोकावर कणभर क्रीम घ्या. चोळू नका, हलकेच टेकवा. पुन्हा हात धुवा, आणि चुकूनही ते बोट डोळ्याला लावू नका, तिथे हा विषाणू भलतंच महागात पडतो. टॉवेल वेगळा, पेला वेगळा. बहिणीच्या तान्ह्या लेकीची पापी घ्यायची नाही. इथे मात्र मी थट्टा करत नाही, कारण तान्ह्या मुलांना हे जिवावर बेतू शकतं. मी दारातूनच तिला टाटा केला. ती माझ्या ओठाकडेच बघत होती.

सगळेच बघतात. समोरचा माणूस माझ्याशी बोलत नसतो, फोडाशी बोलत असतो. क्रीम लावलं की तर आणखी पंचाईत, दर तासाला कुणीतरी आपुलकीने खूण करतं, “ओठाला काहीतरी पांढरं लागलंय.”

आणि एवढं करून मिळतं काय? आपोआप सात ते दहा दिवसांत जाणारा फोड फार तर एखादा दिवस लवकर जातो. तोही वेळेत लावलं तर. त्यामुळे हल्ली मी ओठाकडे कान लावून असतो. ओठ कोरडा पडला, लाव क्रीम. दाढी करताना खरचटलं, लाव क्रीम. चुरचुर खरी की मनातली, हे ठरवण्यात वेळ घालवला तर ती वेळच निघून जाते.

गेल्या महिन्यात असंच जरा चुरचुरल्यासारखं वाटलं. ट्यूब नेहमीप्रमाणे जागेवर नव्हती, ती चष्म्याच्या डबीत सापडली. पाचव्या मिनिटाला लावलं. पाच दिवस, पाच वेळा, एकही पाळी न चुकवता. फोड आला नाही!

मी विजयी मुद्रेने डॉक्टरांना सांगितलं.

“उत्तम,” ते म्हणाले. “पण मुळात फोड येणारच होता, हे कशावरून?”

बोलायला तोंड उघडलं, तर वरचा ओठ चुरचुरला.