वीस वर्षं फळ्यासमोर, म्हणून खुर्ची येते?

"पंचवीस वर्षं वर्गात उभा राहिलेल्याला मुख्याध्यापक व्हायला इंटर्नशिप कशाला? हे अमेरिकेचं खूळ." असा लांबलचक मेसेज परवा काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला. चार अंगठे मिळाले. मी सोडूनही दिलं असतं. पण विक्रोळीच्या एका शाळेत जूनपासून मुख्याध्यापिका होणाऱ्या आमच्या वहिनी तो वाचून म्हणाल्या, "मग एप्रिलभर आताच्या मुख्याध्यापिका बाईंच्या शेजारी बसायचं राहू दे का?"

म्हणून काकांच्या मेसेजमधले मुद्दे एकेक घेऊन हे लिहितोय.

"अनुभव पुरतो." कशाचा? गेल्या जुलैत बाई रजेवर आणि वहिनी प्रभारी. दुपारी पाऊस वाढला, शाळा लवकर सोडायची ठरली. पाचवीतल्या एका मुलीला न्यायला कुणी 'मामा' आला. आई फोन उचलेना. सोडायचं की नाही? वीस वर्षं भूगोल शिकवून याचं उत्तर कुठून येणार? शेवटी शिपाईमामांनी बाईंच्या खणातून एक वही काढली. कुणाला कोण न्यायला येणार, ते पालकांच्या सहीनिशी. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुलं रात्रभर शाळांत अडकली. ही वही बाईंनी त्यानंतर सुरू केलेली. वहिनींना ती आहे हेच ठाऊक नव्हतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत अशी वही नसते हो काका. 'शालार्थ' या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची पगारबिलं नि दाखल्यातली चुकलेली जन्मतारीख वेगळीच.

बरं, दोन वर्षांच्या बी.एड.ला आपण वीस आठवडे शाळेत काढायला लावतो. एका वर्गासाठी वीस आठवडे, अख्ख्या शाळेसाठी शून्य. हा हिशेब मला कुणी समजावून द्या.

"अमेरिकेचं खूळ." असेल. 2007 साली स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी मुख्याध्यापक घडवणारे आठ नावाजलेले कार्यक्रम तपासले. तिथून निघालेले स्वतःला इतरांपेक्षा जास्त तयार समजत होते. (स्वतःला, हे मान्य.) त्यातल्या मिसिसिपीच्या कार्यक्रमात तर शिक्षकाचा पगार चालू ठेवून वर्षभर शाळांत उमेदवारी करायला पाठवत. तेव्हा "पोट कसं भरायचं" हा मुद्दाही बाद.

"इंटर्न म्हणजे फुकटचा कारकून." हे, नाइलाजाने, अर्धं खरं. झेरॉक्स काढायला बसवलं तर काय शिकणार? मुख्याध्यापकाच्या हाताखालचं पर्यवेक्षकपद हीच उमेदवारी, असं म्हणाल तर तेही बरोबर. फक्त वहिनींच्या शाळेत पटसंख्या कमी, म्हणून ते पदच मंजूर नाही.

वहिनी सोमवारी बाईंकडे जाताहेत. आधी ती वही बघणार आहेत.