दोनशे सत्तर फरश्या

इंटिरिअर डिझाइनच्या सेकंड इयरला सरांनी विषय दिला : घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या आठवणीतली एक खोली. मॉडेल, स्केल एकास वीस, म्हणजे प्रत्येक माप खऱ्याच्या विसाव्या हिश्शाएवढं. वर्गातल्या एका शहाण्याने 'आजोबा चाळीत राहायचे, एकच खोली, कपाट म्हणून एक ट्रंक' असं सांगून दोन दिवसांत काम उरकलं. मी मात्र आजीच्या माहेरचं, वाईजवळच्या वाड्यातलं माजघर निवडलं. हौस, दुसरं काय.

आजी तेव्हा ठाण्याला आत्याकडे होती, म्हणून मापं फोनवर घेतली.

"आजी, केवढं होतं गं माजघर?"

"अगं, पंगत बसायची."

"किती जणांची?"

"आलेल्यांची."

शेवटी दहा बाय बारा फूट ठरलं. भिंतीची जाडी विचारली तर म्हणाली, "खिडकीत मांडी घालून मी बोरं खायची." म्हणजे दोन फूट. कोनाडे तीन, मधे झोपाळा, कोपऱ्यात रांजण. जमिनीचं मी विचारलंच नाही, कारण त्याचा माझ्याकडे पुरावा होता. आजीचा लहानपणीचा कृष्णधवल फोटो. दोन वेण्या, परकर-पोलकं, खुर्चीचा हात धरून ताठ उभी, आणि पायाखाली नक्षीची फरशी! प्रत्येक फरशीत मधे आठ पाकळ्यांचं फूल आणि चार कोपऱ्यांत पाव-पाव चांदणी.

फोटो बघून सर हरखले. सिमेंटची ही फरशी भट्टीत भाजत नाहीत, साच्याच्या पितळी कप्प्यांत एकेक रंग हाताने ओततात, मग दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. १९२२ साली मुंबईत स्वदेशीच्या भरात भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली आणि विलायती टाइल्सना घरचा पर्याय मिळाला, असं सगळं सांगून झालं. मी माना डोलावत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "तेव्हा प्रिंट काढून चिकटवायची नाही हं. हाताने रंगवायची."

आठ इंची फरशी एकास वीसमध्ये होते एक सेंटिमीटरची. पंधरा आडव्या, अठरा उभ्या. दोनशे सत्तर. एका फरशीला तीन मिनिटं धरली तरी साडेतेरा तास, तेही पाणी न पिता. बाबा इंजिनिअर. त्यांनी हा हिशेब ऐकला, चष्मा काढला, आणि "कलर प्रिंट दहा रुपयांत मिळते" एवढंच बोलून पुन्हा पेपरात शिरले.

आधी भिंती घेतल्या. दोन फुटांची भिंत म्हणजे तीन सेंटिमीटर, तेव्हा आतून थर्माकोल आणि वरून माउंटबोर्डचा जाड पुठ्ठा. घाईत मी फेविक्विक लावलं. थर्माकोलला फेविक्विक चालत नाही, हे फर्स्ट इयरलाच सांगितलं होतं. त्या दिवशी मी बहुतेक कँटीनमध्ये होते. थर्माकोल बर्फासारखा विरघळून आत गेला. दोन ठिकाणी चांगले खड्डे पडले. मग त्यांच्या कडा कटरने चौकोनी केल्या आणि तीनपैकी दोन कोनाडे आयते मिळाले.

फरश्या आधी अख्ख्या माउंटबोर्डवरच रंगवत होते. तीन ओळी झाल्या आणि ओल्या रंगाने बोर्ड पापडासारखा वर वळला. रात्रभर गव्हाच्या डब्याखाली ठेवला. सकाळी पापड सपाट झाला, पण डब्याच्या बुडाचं गोल कडं चार फुलांवर उमटलं होतं. मग सुटे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे कापले. फोटोत रंग नव्हते, म्हणून गेरू, पिस्ता आणि हळदी मीच ठरवले. शून्य-शून्य नंबरचा ब्रश म्हणजे मांजरीच्या मिशीएवढा. पहिल्या वीस फुलांना आठ पाकळ्या आल्या. पन्नासच्या पुढे सहा, शंभरानंतर नुसतेच ठिपके. आई मदतीला बसली. तिला चाळीस दिल्या, तर तिने तुळशीपुढच्या रांगोळीतली कमळं काढून ठेवली. "अगं, सगळ्या सारख्या असतात!" म्हटलं, तर म्हणाली, "कंटाळा नाही का येत बघणाऱ्याला?"

एप्रिल महिना आणि पंखा बंद. घाम रंगात पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधलेली. रात्री साडेअकराला बाबा पाणी प्यायला आले आणि सवयीने बटण दाबलं. दोनशे सत्तर फरश्या क्षणभर खोलीभर उडल्या. दिसायला सुरेख होतं ते, खोटं कशाला बोलू. रांगत गोळा केल्या तर दोनशे एकोणसत्तर भरल्या. जी सापडली नाही, त्या जागेवर रांजण ठेवायचं ठरलं.

चिकटवताना बोट फरशीला चिकटलं. जवळच आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं होतं, त्याने खसाखसा पुसलं, तर बोट चटकन भाजलं आणि फडक्यातून चक्क धूर निघाला. सुती कापड आणि फेविक्विक यांचं अजिबात पटत नाही, हे कुठल्याच वर्गात सांगितलं नव्हतं. आईने धावत नेलपॉलिश रिमूव्हर आणलं. बोट सुटलं. बाटली मात्र कलंडली आणि अकरा फुलं अॅक्रिलिकसकट पुसली गेली. त्या वेळी मी काय बोलले ते बाबांनी ऐकलं, पण पंख्याची आठवण ठेवून ते गप्प राहिले.

त्याच रात्री नऊला आजी ठाण्याहून परतली होती, येताच झोपली होती. साडेचारला ती नेहमीप्रमाणे उठली, तेव्हा मी शेवटची फरशी बसवत होते. तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं. झोपाळ्याला बोट लावून हलकासा झोका दिला.

"कोनाडे अगदी तस्से गं! आणि ही फरशी कुठली?"

"तुझ्या फोटोतली."

"कुठल्या फोटोतली? खुर्चीच्या? अगं वेडे, तो साताऱ्याच्या स्टुडिओतला! दादांनी मुद्दाम नेऊन काढवला होता. खुर्चीसुद्धा स्टुडिओवाल्यांचीच. आमच्या माजघराला कुठली आलीय फरशी? शेणाने सारवलेली जमीन होती."

शेणाची जमीन. म्हणजे एक तपकिरी ट्यूब, एक चपटा ब्रश, पाच मिनिटं.

मॉडेल मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले. प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाले काका मागे वळून विचारायचे, "केक आहे का ताई?" ज्यूरीला, म्हणजे मॉडेल तपासायला, बाहेरच्या एक मॅडम होत्या. त्यांनी जवळजवळ नाक आत घालून पाहिलं. "फरशी किती खरी वाटते! काही फुलं वेगळी आहेत, जुनी तुटल्यावर बदलली असणार ना?" मी मान हलवली. रांजणाची जागा त्यांना फार विचारपूर्वक निवडलेली वाटली. "रंग कुठून मिळाले?" मी म्हटलं, "आजीकडून." सर कौतुकाने बघत होते. नॉर्थ पॉइंट, म्हणजे उत्तर दिशेचा बाण, दाखवायला मी विसरले होते, त्याचा एक मार्क कापला.

मॉडेल आता आजीच्या कपाटावर आहे. परवा ती आत्याशी फोनवर बोलत होती. मी दाराशी थांबले.

"आमच्या माजघरात काय सुरेख फरशी होती गं! पिस्ता रंगाची, मधे फुलं. तू पाहिली नाहीस कधी. एका कोपऱ्यातली तेवढी गेली होती, म्हणून तिथे आईने रांजण ठेवला होता."