सीमांत म्हणजे डेरिव्हेटिव्ह

परवा घरच्या ग्रुपवर भावोजींनी लिहिलं, "अर्थशास्त्र करणाऱ्या मुलीला कॅलक्युलस हवंय कशाला? ते इंजिनिअरांचं काम. आकडेमोडीला आता कॉम्प्युटर आहेत." भाची बी.ए.ला आहे. गणितीय अर्थशास्त्राचा पेपर घ्यावा की नाही, एवढंच तिने विचारलं होतं. भावोजींच्या मेसेजखाली भराभर अंगठे पडले. एका काकांनी तर "हे शास्त्र मुळात आपलंच, भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहून ठेवलंय" असं सांगितलं आणि लगेच भावोजींच्या म्हणण्यालाही दुजोरा दिला. मी दोन दिवस धुमसत होते.

कारण इकडे अमेरिकेत मी नेमकं हेच शिकवते. बिझनेस कॅलक्युलस, म्हणजे धंद्याच्या हिशोबात लागणारं बदलाच्या वेगाचं गणित, एका सेमिस्टरचा कोर्स. समोर अकाउंटिंग, मार्केटिंग, मानसशास्त्र, राज्यशास्त्र घेतलेली मुलं बसतात. साइन-कॉस नाही, एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धता नाहीत. लिमिट, डेरिव्हेटिव्ह (त्या क्षणाचा बदलाचा वेग), कमाल-किमान, चक्रवाढीतून निघणारी ई ही संख्या आणि शेवटच्या आठवड्यांत थोडं इंटिग्रेशन.

पहिल्याच आठवड्यात मी एक उदाहरण देते. स्थिर खर्च ५००, दर नगाला २०, आणि त्यावर नगसंख्येच्या वर्गाच्या ०.१ पट जादा खर्च, कारण उत्पादन वाढलं की ओव्हरटाइम वाढतो, मोडतोड वाढते. १०० नगांचा एकूण खर्च ३,५००, म्हणजे सरासरी ३५. आता कोणी म्हणालं, आणखी एक नग द्या, ३८ देतो. घ्यायची का ऑर्डर? जवळजवळ अख्खा वर्ग हो म्हणतो. मग आम्ही १०१ नगांचा खर्च काढतो. फरक येतो ४०.१०. डेरिव्हेटिव्ह एका ओळीत ४० सांगतो. ऑर्डर घेतली तर तोटा. कॉम्प्युटर ३५ सुद्धा बिनचूक काढून देईल, पण यातला कुठला आकडा विचारायचा, ते माणसालाच कळावं लागतं.

काकांनाही मला हेच सांगायचं होतं. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती भास्कराचार्यांना पुरली नाही, त्यांना तात्कालिक गती हवी होती, त्या क्षणाची. ग्रहाच्या जागी नग ठेवला की प्रश्न तोच. त्यांचा अभिमान असेल, तर घरातली मुलगी ते शिकायला निघाल्यावर तिला अडवायचं कशाला?

आणि हे फक्त कारखानदारांपुरतं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं की महागाई वाढण्याचा वेग आता कमी होतोय. महागाई म्हणजे किमती वाढण्याचा वेग, तो वाढतोय, आणि त्याची वाढ मंदावतेय. किमतींचा तिसरा डेरिव्हेटिव्ह! किमती चढतच होत्या. राज्यशास्त्राच्या मुलांना हे वाक्य उलगडता येऊ नये, असं कोणाला वाटत असेल तर त्याने तसं स्पष्ट म्हणावं. मागणीचा वक्र, मक्तेदाराचा जास्तीत जास्त नफा हे सगळं कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्येच कॅलक्युलसने मांडलं होतं. इंजिनिअरांचं काम म्हणे.

मी ग्रुपवर लिहिलं की इकडे शाखा बघून मुलांची गणिताची कुवत कोणी ठरवत नाही. अकरावीला 'गणित की एस. पी. (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)' असा शिक्का बसत नाही. हायस्कूलचं बीजगणित विसरलेला पंचविशीतला मुलगा ऑफिस अवर्सना येतो, अपूर्णांकांपासून सुरुवात करतो आणि मे महिन्यापर्यंत इलॅस्टिसिटीची, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते याची, गणितं सोडवतो. हे खरं आहे. पण दर सेमिस्टरला मिडटर्मनंतर माझ्या यादीत डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याच्या खुणा, वाढत जातात, बरीच मुलं केवळ सक्ती म्हणून बसलेली असतात, हेही तितकंच खरं आहे. ते मी लिहिलं नाही. भावोजींच्या हातात आयतं कोलीत द्यायचं नव्हतं.

रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, वाद राहू दे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते मला मराठीत सांग."

मला सांगता येईना. दहावीपर्यंत माझं गणित मराठीत झालं, अकरावीपासून इंग्रजीत. पाढे मी आजही मराठीतच म्हणते, पण कॅलक्युलससाठी माझ्याकडे मराठी वाक्यच नाही. विकलन हा शब्द माहीत होता, पण आतून येत नव्हता. इतकी वर्षं परक्या मुलांना जे समजावत आले, ते बहिणीच्या मुलीला सांगताना मी चाचपडत होते. शेवटी ते नगांचं उदाहरण काढलं. आणखी एक, मग आणखी एक, मग त्याहून लहान तुकडा, असं काहीतरी बोलत राहिले.

मध्येच ती म्हणाली, "म्हणजे सीमांत खर्च? हे आम्हाला अकरावी-बारावीपासून आहे. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत तर पाठ आहे मला."

मी गप्प झाले. शब्द तिच्याकडे होता. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी ही कल्पना तिला केव्हाच दिली होती, फक्त चिन्हं दिली नव्हती. माझ्याकडे चिन्हं होती. मग आम्ही उपयोगितेचा, म्हणजे वस्तूपासून मिळणाऱ्या समाधानाचा, वक्र काढला, ती तिकडे कागदावर, मी इकडे. तो वर चढतो पण वाकत जातो, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण, हे तिने स्वतःच सांगितलं. माझ्याकडे पहाटेचे दोन वाजले होते.

तिने पेपर घेतला. भावोजींचा मला अजून मेसेज नाही. सोमवारी सकाळी आठच्या वर्गात फळ्यावर खर्चाचा वक्र काढताना माझ्या तोंडून 'सीमांत' निघून गेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, हा शब्द कसा लिहायचा. मी देवनागरीत लिहून दाखवला आणि वर्ग संपेपर्यंत पुसला नाही.