‘काका, उचलू का?’

दादाला पोलिओ झाला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आता बासष्ट पूर्ण. दोन्ही पायांना कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या, आणि जन्मभर त्या कुबड्या चालवून तालमीतल्या गड्यासारखे झालेले खांदे. त्याला छोट्या विमानात चढताना मी दोनदा पाहिलंय. एकदा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान विमानतळावर आणि एकदा इथे, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात. दोन्ही वेळा मी चिडलो होतो. फक्त पहिल्या वेळी कशासाठी चिडायला हवं होतं, ते मला दुसऱ्या वेळेनंतर कळलं.

महाराष्ट्रातला प्रसंग असा. सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान होतं. अशा विमानांना सहसा एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराशी नेणारा पूल, लागत नाही. दारालाच पायऱ्या जोडलेल्या असतात, दार उघडलं की त्या खाली येतात. व्हीलचेअर पायऱ्यांपाशी येऊन थांबली. सामान चढवणारे दोन तरुण आले. एकाने विचारलं, “काका, उचलू का?” आणि दादाने उत्तर द्यायच्या आत त्याचे हात दादाच्या काखेत गेले होते. दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरलं. दादाचा शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं. तिसऱ्या पायरीवर एक बूट निसटून खाली पडला, तो मागच्या बाईंनी उचलून हातात धरला. खाली रांगेत उभे असलेले सगळे बघत होते. पोरं खरंच गोड होती. “काळजी करू नका काका, आम्ही रोज करतो,” असं म्हणत त्यांनी त्याला पहिल्या रांगेत नीट बसवलं, बूटही घातला. दादा हसून म्हणाला, “वरातीत नवरदेवाला पण एवढं उचलत नाहीत.” सगळे हसले, मीही हसलो. माझा राग फक्त बूट पडल्याचा होता.

आदल्या रात्रीपासून त्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला मुंबईत उतरल्यावर कळलं. विमानातल्या स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. अपंग प्रवाशांमध्ये ही युक्ती इतकी सर्रास आहे, की तिला युक्ती म्हणायचीही लाज वाटावी.

मग तो माझ्याकडे आला. मी राहतो ते गाव मोंटानाच्या पूर्व टोकाला आहे. मोठ्या विमानतळापासून गाडीने चार-साडेचार तास, किंवा नऊ आसनांच्या चिमुकल्या विमानाने सव्वा तास. अशा गावांना विमानसेवा मिळावी म्हणून इथलं सरकार १९७८ पासून कंपन्यांना अनुदान देतं. लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या आपल्या ‘उडान’ योजनेचीच ही थोरली बहीण म्हणायची.

विमानापाशी पोचलो. दाराला चार पायऱ्या. मी सवयीने पुढे झालो आणि तिथल्या कर्मचारी बाईंना म्हणालो, “तुमचे दोघे आणि मी, तिघं मिळून उचलू.” त्या म्हणाल्या, “आम्हाला उचलता येत नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तरी नाही.” मला वाटलं, विम्याची भानगड असेल. मी आवाज चढवला. त्या शांत होत्या. लिफ्ट या विमानाला लागत नाही, आसनांमधल्या वाटेतून नेणारी अरुंद आइल चेअर दारातून आत जात नाही, हे त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे पाठ करून दादाला विचारलं, “तुम्हाला कसं जमेल? आम्ही काय धरू?”

दादा खालच्या पायरीवर विमानाकडे पाठ करून बसला. हातांच्या जोरावर स्वतःला एकेक पायरी वर ढकलत गेला. एकीने कुबड्या धरल्या, दुसरी गुडघ्यावर बसून पायरी हलू नये म्हणून दाबून धरत होती. दारातून आत सीटपर्यंत तो अक्षरशः सरपटत गेला. वैमानिक बाहेर घड्याळाकडे न बघता उभा होता. चार पायऱ्यांना आठ-नऊ मिनिटं लागली असतील. तळहात खरचटले, पँटची वाट लागली.

इथे मी काही उदात्त लिहावं अशी अपेक्षा असेल, तर दादाचं म्हणणं आधी ऐका. तो म्हणाला, “ह्यो कसला सन्मान? ढुंगण मळलं की माझं.” आणि परत जाताना त्याने त्या विमानात बसायला साफ नकार दिला. मी त्याला साडेचार तास गाडीने सोडून आलो.

मग मी तो नियम शोधून वाचला. १९८६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की अपंगांविरुद्ध भेदभावाला बंदी करणारा तेव्हाचा कायदा खासगी विमान कंपन्यांना लागू होत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथल्या संसदेने एअर कॅरिअर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट करून ती फट बुजवली. त्याखालची नियमावली १९९० ची, छोट्या विमानांसाठी लिफ्टची तरतूद १९९६ ची. आज नियम असा: वर्षाला १०,००० किंवा जास्त प्रवासी जिथून विमानात चढतात अशा विमानतळावर, १९ किंवा जास्त आसनांच्या विमानाला एरोब्रिज नसेल तर लिफ्ट किंवा रॅम्प पुरवायचा, विमानतळ आणि कंपनी यांनी मिळून, लेखी करार करून. लिफ्ट बसतच नाही अशा काही विमानांना सूट आहे. बीच १९००, जेटस्ट्रीम ३१, एम्ब्राएर १२० ही नावं नियमातच दिलेली आहेत. १९ पेक्षा कमी आसनांची विमानंही सुटतात. तिथे प्रवाशाला मान्य असेल ती कुठलीही पद्धत वापरा, पण एक पद्धत सोडून: माणसाला हातांवर उचलायचं नाही. प्रवासी हो म्हणाला तरी नाही. अपवाद एकच, आणीबाणीत विमान रिकामं करताना दुसरा मार्गच नसेल तर.

‘प्रवासी हो म्हणाला तरी’ हे शब्द मला आधी उर्मट वाटले. माणूस स्वतः तयार असताना सरकार मध्ये येणारं कोण?

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्यात गोव्याच्या विमानातून उतरवलं गेलं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की विमानप्रवासात किंवा सुरक्षा तपासणीत अपंग व्यक्तीला उचलणं अमानवी आहे आणि ते तिच्या संमतीशिवाय होऊ नये. वाचायला छान आहे. पण आता पायऱ्यांपाशीच्या त्या व्हीलचेअरवर बसून बघा. मागे सत्तर माणसं खोळंबली आहेत. विमान सुटायला दहा मिनिटं आहेत. समोर दोन हसतमुख पोरं “काका, उचलू का?” म्हणताहेत. नाही म्हणायचं, तर दुसरा पर्याय काय? विमान जाऊ द्यायचं. याला आपण संमती म्हणतो. दादाने आयुष्यात शेकडो वेळा अशी संमती दिली आहे. एसटीत दिली, तहसील कचेरीच्या जिन्यावर दिली, लग्नाच्या हॉलमध्ये तर घरच्यांनाच दिली. उचलणाऱ्यांत मीही होतो.

प्रवाशाच्या ‘हो’ला कायद्याने किंमत दिली, की कंपनीचं काम भागतं. चार माणसं उपलब्ध आहेत, प्रवाशाची हरकत नाही, मग लिफ्टवर पैसे कशाला घालायचे? ‘हो’ची किंमत काढून घेतली, की विमानतळाला काहीतरी विकत घ्यावंच लागतं. तो नियम दादाला दटावणारा आहे असं मला वाटलं होतं. खरं तर तो कंपनीची पळवाट बंद करतो. नऊ आसनांच्या विमानात मात्र ही गोष्ट अर्धवट राहते. उचलायला बंदी आहे, लिफ्टची सक्ती नाही, आणि मधल्या जागेत दादाची पँट मळते. तेव्हा इथलं सगळं गोजिरं आहे असं माझं म्हणणं नाही.

गोजिरं नाहीच. इथल्या विमान कंपन्या अपंगांच्या स्वतःच्या खुर्च्या मोडतात. २०२३ या एका वर्षात मोडलेल्या, हरवलेल्या किंवा उशिरा मिळालेल्या खुर्च्या-स्कूटरचा आकडा ११,००० च्या वर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला या प्रकारांबद्दल ५ कोटी डॉलरचा दंड झाला. शिवाय बहुतेक न्यायालयांच्या मते या कायद्याखाली प्रवाशाला स्वतः दावा लावता येत नाही; फक्त परिवहन खात्याकडे तक्रार करायची. जीजा घोष इथे असत्या तर त्या कायद्यावर न्यायालयाचं दार त्यांना बहुधा उघडलंच नसतं. ‘अमेरिकेत बघा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

भारतात मात्र चर्चा भलत्याच खुर्चीवर चालू आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत अर्धी म्हातारी माणसं फुकटची व्हीलचेअर मागतात, उतरल्यावर तुरुतुरु चालतात, त्यांना पैसे लावा. गेल्या दिवाळीत फोनवर आमच्या काकांनी हे मला पाऊण तास ऐकवलं. त्यात तथ्य नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझ्या सासूबाई दोनदा तशाच आल्या. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना भीती इंग्रजीची आणि मधल्या विमानतळावर हरवण्याची होती. त्यांना हवा होता सोबत चालणारा माणूस, पण तिकिटात तसा रकाना नव्हता, व्हीलचेअरचा होता.

पण विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअर ही एक गोष्ट नसतेच. तीन संकेत आहेत. संकेताच्या शेवटी ‘आर’ असेल तर प्रवासी पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालवत नाही. ‘एस’ असेल तर पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात आपल्या जागेपर्यंत जाता येतं. ‘सी’ म्हणजे थेट जागेपर्यंत न्यावं लागतं. आमच्या सासूबाई ‘आर’, आणि त्याही ओढूनताणून. दादा ‘सी’. काकांचा सगळा वाद ‘आर’वाल्यांचा आहे, आणि त्या धुरळ्यात ‘सी’वाला दिसेनासा होतो. खुर्च्या अपुऱ्या पडल्या की काय होतं, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दिसलं. एका वृद्ध जोडप्याने दोन खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एक. ऐंशी वर्षांचे आजोबा पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले, कोसळले आणि गेले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. सासूबाईंची गोष्ट मला त्यानंतर विनोद म्हणून सांगता येत नाही.

पैसे लावायची कल्पना म्हणूनच मला पटत नाही. सासूबाई पैसे भरतील, आम्हीच भरू. अडेल तो ज्याला खुर्चीशिवाय हलताच येत नाही तो. त्यापेक्षा तिकिटात ‘सोबतीला माणूस हवा’ असा वेगळा रकाना ठेवा, निम्म्या खुर्च्या मोकळ्या होतील.

आणि पायऱ्यांचं काय? इथे माझा अभिमान भारताच्या बाजूने आहे. नागमोडी वळणांचा तो लांब रॅम्प, ज्यावरून आजी, बाबागाडी, खुर्ची आणि घाईतला सेल्समन सगळे एकाच वाटेने वर जातात, तो मी इंडिगोच्या विमानांना लागलेला पाहिलाय. अमेरिकेत एवढ्या वर्षांत तसा रोजच्या वापरात पाहिला नाही. इथे अपंगासाठी वेगळी लिफ्ट येते, ती कुठल्या तरी हँगरमागून शोधून आणावी लागते, आणि तोवर बाकीचे प्रवासी बसलेले असतात. रॅम्पवर कोणी कुणाकडे बघत नाही. विमानतळ प्राधिकरणाने भारतात बनवलेल्या अँब्युलिफ्टही घेतल्या आहेत. एका खेपेला सहा खुर्च्या आणि दोन स्ट्रेचर वर नेणाऱ्या या लिफ्ट डेहराडून, दरभंगा, लेह अशा तेव्हा एरोब्रिज नसलेल्या विमानतळांसाठी आणल्या. म्हणजे वस्तू आहे, बनवता येते, चालवता येते. ती नसेल तर दोन पोरांच्या दंडांवर भागवता येणार नाही, असं ठणकावून सांगणारी ओळ तेवढी हवी आहे.

सध्या महाराष्ट्रात विमानतळांचं वारं आहे. चिपी २०२१ मध्ये सुरू झाला, अमरावतीचा बेलोरा एप्रिल २०२५ मध्ये, आणि प्रत्येक जिल्ह्याला आपला हवाय. हवाच. मुंबईपर्यंतचा रात्रभराचा प्रवास कॅलिपर घालून केलेल्या माणसाला विमानतळाचं महत्त्व मी काय सांगणार! पण या मार्गांवर येतात ती बहुतेक पंख्याची किंवा छोटी जेट विमानंच, दारातच पायऱ्या असलेली. म्हणजे जितके विमानतळ वाढतील, तितके “काका, उचलू का?” वाढतील.

परवा घरच्या ग्रुपवर कुणीतरी कुठल्याशा नव्या टर्मिनलचा फोटो टाकला. मंत्री, फीत, झेंडूच्या माळा, मागे विमान. खाली टाळ्यांची रांग. मी लिहिलं, “रॅम्प आहे का?” त्यावर एक अंगठा आला, एक नमस्कार आला, आणि काकांनी “तिकडे बसून सगळ्यात खोट काढायची” असं लिहिलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही. रात्री त्याचा एकट्याचा मेसेज आला. फोटो मोठा करून विमानाच्या दारापाशी त्याने लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, “पाच हायत. कठडा एकाच बाजूला.”